सोनखत, जंत आणि तीन कप्प्यांची टाकी

प्रश्न : चीनच्या खेड्यांत मानवी विष्ठेचे सोनखत पूर्वापार वापरले जाते. ते न सोडता रोगराई आटोक्यात कशी आणता येते?

उत्तर : ताजी विष्ठा शेतात घातली की तिच्यातील जंतांची अंडी भाजीबरोबर पोटात जातात, यांगत्सेच्या खोऱ्यात तर शिस्टोसोमियासिस या रोगाच्या कृमींची अंडीही तिच्यातून पाण्यात उतरतात आणि त्यांतून निघालेले कृमी गोगलगायींमार्फत फैलावतात. यावर तिथे तीन कप्प्यांची टाकी बांधतात. पहिल्या कप्प्यात मैला किमान २० दिवस राहतो. गाळ आणि जंतांची जड अंडी तळाशी बसतात, वर साय धरते आणि मधला द्रव तेवढा नळीतून दुसऱ्या कप्प्यात जाऊन आणखी १० दिवस कुजतो. तिसऱ्या कप्प्यात साठलेला द्रव पिकाला घालता येतो. मात्र शौचालयात पाणी सढळ हाताने ओतले की मैला टाकीत पुरेसा मुरतच नाही, म्हणून घरातल्या प्रत्येकाला हे समजावणे मला बांधकामाइतकेच महत्त्वाचे वाटते.

२०१५ मध्ये पर्यटनस्थळांपासून सुरू झालेली ‘शौचालय क्रांती’ पुढे खेड्यांत पोहोचली. पण ईशान्य चीनमधील कडाक्याच्या थंडीत उथळ पुरलेल्या नळ्या गोठतात, तिथे एकच नमुना सर्वत्र लादणे चूकच.

पिण्याच्या पाण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. कोरड्या गान्सू प्रांतात १९९५ पासून घरटी सुमारे १०० चौरस मीटरचे छप्पर-अंगण पाणी धरण्यासाठी तयार करून पावसाचे पाणी जमिनीखालील दोन टाक्यांत साठवण्याची योजना राबवली गेली. असे पाणी उकळूनच प्यावे.