दहाच्या आत अडकलेले गेम

लातूरहून विचारलंस, की दुर्लक्षित गेमना हात द्यायचा तर सुरुवात कुठून करू. स्टीमवर, म्हणजे कॉम्प्युटर गेमच्या ऑनलाईन दुकानात, जास्त खपाच्या यादीत शिरूच नकोस, तिथले गेम आधीच वर आलेले असतात. एखादा टॅग धर, समज कोडी, आणि प्रकाशनाच्या तारखेनं लाव. बराच कचरा निघेल, तयारी ठेव.

खरा जोर १० या आकड्यावर लाव. तितके रिव्ह्यू होईपर्यंत स्टीम गेमला ‘पॉझिटिव्ह’ वगैरे शेरा देत नाही, आणि बिनशेऱ्याच्या गेमकडं लोक ढुंकूनही बघत नाहीत. सात-आठवर अडकलेला सापडला की विकत घे, खेळ, लिही. फुकटच्या ‘की’वरून (गेम मिळवायच्या कोडवरून) लिहिलेला रिव्ह्यू त्या शेऱ्याच्या हिशेबात धरत नाहीत. २०१६ पासून असंच आहे. म्हणून थोडे पैसे मोडलेलेच बरे. अन् छोटा गेम दोन तासांच्या आत संपवून रिफंड मागणारे बहाद्दर असतात, त्यांच्या नादी लागू नकोस.

न आलेला गेम आवडला तर विशलिस्टमध्ये टाक. नेक्स्ट फेस्ट म्हणजे स्टीमवरचा येऊ घातलेल्या गेमचा मेळा, त्यातले डेमो रात्रीच उतरवून ठेव, दिवसा लाईटचा भरवसा नाही.

रिव्ह्यूत कथा सांगत बसू नकोस गड्या. आपल्याकडं बहुतेकांचा लॅपटॉप बिनग्राफिक्स कार्डाचा. त्यावर गेम अडकतो का, कंट्रोलर लागतो का, तेवढं आधी लिही.