वाचकांचे प्रश्न : २२ मिनिटे लांब का वाटतात?

प्रश्न : मिरजेतील एका ज्येष्ठ सतार कारागिरावर मी माहितीपट करत आहे. ६ तासांच्या चित्रणातून २६ मिनिटांचे संकलन झाले होते. पाहणारे मध्येच चुळबुळ करू लागतात, म्हणून प्रत्येक शॉट थोडा थोडा कापून ते २२ मिनिटांवर आणले. परंतु आता ते आधीपेक्षाही लांब वाटते. माझे कोठे चुकते आहे?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण शॉट आखडले, पुनरुक्ती मात्र तशीच राहिली, असे आपल्या पत्रावरून दिसते. भोपळा कसा कापतात, दांडी कशी कोरतात, पडदे कसे बांधतात, हे प्रेक्षकाला एकदा कळले की तेच पुन्हा सांगणारा शॉट, कितीही देखणा असला तरी, त्याला थांबवून ठेवतो. शिवाय रंधा मारणाऱ्या हाताची एक फेरी पुरी होण्याआधीच कट आला तर कामाची लय तुटते आणि मिनिटे कमी होऊनही कंटाळा वाढतो. म्हणून सगळेच शॉट थोडे थोडे कापण्याऐवजी काही शॉट पूर्णपणे काढून टाकावेत आणि जे राहतील त्यांना त्यांचा पूर्ण वेळ द्यावा.

३५ मिलिमीटर फिल्म सेकंदाला २४ चौकटी (फ्रेम), म्हणजे मिनिटाला ९० फूट या वेगाने धावते. आपले ६ तासांचे चित्रण फिल्मवर केले असते तर ३२,४०० फूट फिल्म खर्ची पडली असती, आणि त्या खर्चाच्या धाकानेच निवडीचे बरेचसे काम कॅमेरा सुरू होण्याआधी झाले असते. आता ते सगळे संकलकाच्या टेबलावर येऊन पडते. त्यामुळे सॉफ्टवेअर बाजूला ठेवून, वही घेऊन, संपूर्ण चित्रण एकदा सलग पाहावे; मुलाखतीतील बोलणे वेळेसह उतरवून काढावे; आणि दुसऱ्या दिवशी, काहीही न पाहता, जे आठवते तेवढेच कागदावर लिहावे. माझ्या अनुभवात माहितीपटाचा कणा बहुतेक वेळा त्या कागदावरच सापडतो.

आपल्या विषयात खरी संपत्ती आवाजाची आहे. जवारी लावताना, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून स्वर खुलवताना, कारागीर कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो आणि पुन्हा कानस हाती घेतो. आधीचा स्वर आणि नंतरचा स्वर यांतला फरक ऐकू यायचा असेल तर दोन्ही झंकार विरेपर्यंत शॉट चालू द्यावा लागेल. या प्रसंगाला मी दीड मिनिटही आनंदाने देईन आणि त्यावरचे निवेदन काढून टाकीन. मुलाखतीतील जोड खटकत असतील तर कारखान्यात पुन्हा जाऊन, कोणी बोलत नसताना, तिथला मिनिटभराचा नुसता आवाज ध्वनिमुद्रित करून आणावा. तो जोडांखाली अंथरला की दोन वाक्यांमधली पोकळी जाणवत नाही.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी ती सांगणे मला आवश्यक वाटते. सुमारे १०० वर्षांपूर्वी रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह याने एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडून दाखवला आणि पाहणाऱ्यांना त्या एकाच चेहऱ्यावर वेगवेगळे भाव दिसले, असे सांगितले जाते. हेच सामर्थ्य आपल्याही हातात आहे. मी उमेदवारीच्या काळात एका वृद्ध कुंभाराच्या शांत चेहऱ्यानंतर विझलेली भट्टी जोडली होती. ते दृश्य पाहून ते म्हणाले, ‘मी दुःखी नव्हतो हो, मी माती किती लागेल याचा हिशेब करत होतो.’ तो कट मी काढला. आपल्या कारागिराने उत्तर देण्याआधी घेतलेला विराम गाळू नये, आणि त्या विरामाला रिकाम्या दुकानाचे दृश्यही सहज चिकटवू नये. अंतिम प्रत ठरवण्याआधी ती त्यांना त्यांच्याच कारखान्यात बसून दाखवावी.

प्रश्न : मी लग्नाच्या व्हिडिओचे संकलन करतो. मोबाइलवरील चित्रण स्वतंत्र ध्वनिमुद्रणाशी जुळवले की मंगलाष्टके सुरुवातीला बरोबर असतात, पण पुढे ओठ आणि आवाज यांत अंतर पडत जाते. असे का होते?
— एक वाचक, कराड

उत्तर : अनेक मोबाइल संच सेकंदाला ठरावीक चौकटी घेत नाहीत; उजेड आणि प्रक्रियेचा ताण यांनुसार त्यांची संख्या कमी-जास्त होते. संकलनाचे सॉफ्टवेअर मात्र ती स्थिर आहे असे धरून चालले की फरक साचत जातो. संकलनाला बसण्याआधी सर्व फाइली स्थिर गतीत, उदाहरणार्थ सेकंदाला २५ चौकटी, रूपांतरित करून घ्याव्यात आणि मग आवाज जुळवावा. काम पूर्ण होऊन यजमानांनी प्रत पाहीपर्यंत मूळ फाइली दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर जपून ठेवाव्यात, कारण लग्नाचे चित्रण पुन्हा करता येत नाही.