आर्ट्सवाल्या मुलीला अ‍ॅनाटॉमी-फिजिओलॉजी कशी समजेल?

तू विचारलंस की बारावी आर्ट्सवरून जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला नंबर लागला, पुस्तक आणून उघडलं तर एकही शब्द ओळखीचा नाही, अ‍ॅनाटॉमी आणि फिजिओलॉजी हे दोन वेगळे विषय आहेत की एकच तेही कळत नाही, 206 हाडं पाठ करायला बसू का, आणि प्रेत कापावं लागतं का. मी यवतमाळ जिल्ह्यातली, मराठी शाळेतली, बारावी आर्ट्सचीच, आता खेड्यातल्या सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. तुझ्यापेक्षा मोठी असेन म्हणून तुला 'तू' म्हणते, राग मानू नको.

पहिलं म्हणजे हाडांपासून सुरुवात करू नको. मी तेच केलं होतं, दोन महिने नावं घोकली, टर्म टेस्टमध्ये बरे मार्क पण पडले आणि वॉर्डात पेशंटसमोर उभी राहिले तेव्हा एक अक्षर कामी आलं नाही.

दोन विषयांतला फरक विहिरीवरच्या मोटरवरून समजून घे. मोटर कुठे बसवली, पाईप किती इंची, फुटवॉल, म्हणजे पाईपाच्या तळाची झडप, कुठे लावला ही झाली अ‍ॅनाटॉमी, म्हणजे रचना. बटन दाबल्यावर पाणी वर कसं चढतं आणि लाईन गेल्यावर पाईपातलं पाणी परत विहिरीत का पडत नाही ही फिजिओलॉजी, म्हणजे क्रिया. आता सांग, फुटवॉल एकाच बाजूने उघडतो हे माहीत नसताना तो कशाला बसवला हे समजेल का? हृदयात अशा चार झडपा असतात, एकाच दिशेने उघडणाऱ्या, आणि स्टेथोस्कोपमधून जे लब-डब ऐकू येतं ना तो या झडपा बंद होण्याचाच आवाज असतो. म्हणून परीक्षेत दोन भाग वेगळे विचारले तरी अभ्यास कधीच वेगळा करू नको. हृदय एका ठोक्याला साधारण 70 मिली रक्त फेकतं, मिनिटाला 70-72 ठोके, म्हणजे मिनिटाला पाच लिटर, दिवसाला सात हजार लिटरच्या वर. फवारणीचा पंप 15 लिटरचा धरला तर रोजचे 480 पंप झाले, आणि ते पण मुठीएवढ्या गोळ्याने, तेही रात्रंदिवस.

आता माझं खरं म्हणणं सांगते. पुस्तकातले इंग्रजी शब्द आपल्याला अडवत नाहीत, ते दोन महिन्यांत येतात. आपल्या घरचे शब्द जास्त गोंधळ करतात, कारण आपण एकेका शब्दात चार-चार वस्तू भरून ठेवल्या आहेत आणि ते कोणी सोडवून देत नाही.

नस हा शब्द घे. आमच्याकडे ओपीडीत दिवसभर हाच ऐकते. "सिस्टर, माह्या मांडीची नस दबून रायली", "रातच्याले पायाची नस चढते", "नस सापडून नाही रायली, सलाईन कशी लावता", आणि वैद्यबुवा हाताची नस पाहतात ती वेगळीच. या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. दबते ती मज्जातंतू, म्हणजे नर्व्ह, तिच्यातून रक्त वाहत नाही, निरोप जातो. चढते तो पोटरीचा स्नायू आखडलेला असतो, ती नस नाहीच. सलाईन लावतो ती शीर, व्हेन, हृदयाकडे परत जाणारं रक्त नेणारी, हळू वाहणारी, पातळ भिंतीची. आणि हाताला उडते ती धमनी, आर्टरी, जाड लवचिक भिंतीची, कारण हृदयाचा धक्का तिला सोसायचा असतो.

हे पुस्तकात वाचू नको, आधी स्वतःच्या अंगावर शोध. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेव, उडते ती धमनी. दंडाला ओढणी आवळून मूठ वळ, कोपराच्या खळीत फुगून येते ती शीर, बोटाने दाबली तर रबरासारखी लागते पण उडत नाही. मग कोपराच्या आतल्या बाजूला जे हाड टोचतं त्याच्या मागच्या खाचेत हलकेच टिचकी मार, करंगळीपर्यंत करंट गेल्यासारख्या झिणझिण्या येतील, ती मज्जातंतू. आणि टाचेच्या वर जी जाड दोरी हाताला लागते तिलाही लोक नसच म्हणतात, ती स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा. एवढं केलंस तर अर्धा दिवस लागणार नाही आणि चार चॅप्टरची दारं उघडतील.

दुसरा शब्द काळीज. आपण म्हणतो काळजाचं पाणी झालं, काळजात धस्स झालं, तेव्हा हात छातीवर ठेवतो, म्हणजे आपल्या मनात काळीज म्हणजे हृदय. आणि मटणाच्या दुकानात कलेजी मागितली की मिळते ती यकृत, लिव्हर, उजव्या बाजूला फासळ्यांच्या खाली असणारी. आमच्या घरी सणाला बकरा पडायचा तेव्हा मी मामाच्या बाजूला बसून पाहायची, आणि खरं सांगू, माझा पहिला अ‍ॅनाटॉमीचा वर्ग तोच होता. फोपसं, म्हणजे फुप्फुस, पाण्यात टाकलं तर तरंगतं, कलेजी बुडते. का तरंगतं, तर आत हवेचे बारीक बारीक फुगे आहेत, माणसाच्या दोन्ही फुप्फुसांत मिळून ते तीस कोटींच्या वर असतात, आणि फुग्याची भिंत इतकी पातळ की पलीकडच्या रक्तात ऑक्सिजन सहज शिरतो. कलेजी का बुडते, तर ती रक्ताने आणि पेशींनी गच्च भरलेली, आतड्यातून शोषलेलं अन्न आधी तिच्याकडेच येतं. घरात मटण होत असेल तर पुढच्या वेळी एकदा नीट बघ, होत नसेल तर राहू दे, कॉलेजला मॉडेल असतातच.

तिसरा शब्द पोट, आणि याच्याबद्दल मला सगळ्यात जास्त तळमळ आहे. जेवण पोटात, बाळ पण पोटात. मी एका गावात गेले होते, सातव्या महिन्याची बाई, रक्त कमी, पांढरी पडलेली, आणि सासू म्हणते, "जास्त नको जेवू देऊ तिले, पोट भरलं त लेकराले जागा कुठी राहीन". ती वाईट बाई नव्हती, सुनेवर जीव होता तिचा. तिच्या डोक्यात पोट म्हणजे एकच पोतं होतं, अर्धं जेवणाने भरलं तर अर्धंच बाळाला उरणार. मी जमिनीवर खडूने काढून दाखवलं, जठर हे वर डाव्या बाजूला फासळ्यांच्या आडोशाला, आणि गर्भाशय खाली ओटीपोटात, मूत्राशयाच्या मागे, तिथून ते वर वाढत येतं, दोन्ही पिशव्या वेगळ्या, एकीचं दुसरीत काही जात नाही, बाळाला जे मिळतं ते आईच्या रक्तातून वारेमार्फत, म्हणजे प्लॅसेंटामार्फत. जागा कमी वाटते हे खरं आहे, म्हणून थोडं थोडं चार-पाच वेळा खायचं, कमी नाही खायचं. सासू गप बसून पाहत राहिली आणि मग म्हणाली, हे आमाले कोणी सांगतलंच नाही. त्या दिवशी मला कळलं की मी हा विषय कशासाठी शिकले.

आता फिजिओलॉजीतली एक गोष्ट पक्की धर, बाकी सगळं तिला येऊन चिकटतं. तिला समस्थिती म्हणतात, होमिओस्टॅसिस, हा शब्द वॉल्टर कॅनन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात दिला. बाहेर काहीही होवो, शरीर आतलं वातावरण एका मापात धरून ठेवतं. आपल्या इकडे मे महिन्यात बाहेर 45 असतं आणि आत 37 च ठेवायचं असतं, यापेक्षा चांगलं उदाहरण कोणत्या पुस्तकात मिळणार. हवा अंगापेक्षा गरम झाली की नुसतं सावलीत बसून अंगातली उष्णता बाहेर जात नाही, उलटी आत येते, मग एकच रस्ता उरतो, घाम वाळणं. एक लिटर घाम अंगावर वाळला तर जवळपास 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नीट लक्ष दे, वाळला तर. मृगाचा पहिला पाऊस पडला की कूलर काम करत नाही, नुसतं चिपचिप होतं, तसंच घामाचं पण होतं, म्हणून जूनच्या दमट उकाड्यात घाम निथळतो आणि तरी गार वाटत नाही.

आणि हे सगळं एकटी कातडी करत नाही. मेंदूतला हायपोथॅलॅमस तापमान पाहतो, कातडीच्या रक्तवाहिन्या रुंद होतात म्हणून तोंड लाल होतं, तिकडे रक्त गेलं म्हणून हृदय जोरात धावतं, पाणी कमी झालं म्हणून मूत्रपिंड लघवी आखडतं, म्हणून ती पिवळी गर्द होते. दोन्ही मूत्रपिंडं दिवसाला 180 लिटर पाणी गाळतात आणि त्यातलं दीडेक लिटरच बाहेर सोडतात, बाकी सगळं परत घेतात, उन्हाळ्यात आणखी जास्त घेतात. हे सगळं करून पण हरलं आणि आतलं तापमान 40 च्या वर गेलं, माणूस बरळायला लागला, की तो उष्माघात. तेव्हा दवाखान्यात नेईपर्यंत वाट पाहायची नाही, सावलीत आणून अंगावर पाणी टाकून वारा घालायचा, 108 ला फोन लावायचा, आणि शुद्धीत नसेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही.

ओआरएस, म्हणजे जुलाबात पाजतात ते मीठ-साखरेच्या पाकिटाचं पाणी, ते पण इथेच समजून घे. लहान आतड्याच्या पेशींवर एक दार असतं, मिठातलं सोडियम आणि साखरेतलं ग्लुकोज जोडीने आले तरच ते दोघांना आत घेतं, आणि त्यांच्या मागे पाणी ओढलं जातं. गंमत अशी की कॉलऱ्यात आतडं पाणी बाहेर फेकत असतं तरी हे दार चालूच राहतं. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत, पश्चिम बंगालमधल्या बनगावला, सलाईन संपत आली तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ड्रमात मीठ-साखरेचं पाणी भरून नातेवाईकांच्या हातून पाजलं आणि मृत्यूचं प्रमाण 4 टक्क्यांच्या खाली आलं. पण माप चुकवायचं नाही, मोठं पाकीट एक लिटर पाण्यातच घालायचं. आमच्याकडे आया ते एका गिलासात कालवतात, जास्त ताकदीचं होईल म्हणून, आणि मग इतकं घट्ट पाणी उलट अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं.

फवारणीचं पण सांगते, कारण तू विदर्भातच काम करशील. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली हे तू ऐकलं असशील. मज्जातंतू ग्रंथीला किंवा स्नायूला निरोप देते तो अ‍ॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनाने, आणि निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकणारं एक एन्झाइम असतं. ऑर्गॅनोफॉस्फेट जातीची फवारणीची औषधं ते एन्झाइमच जखडून टाकतात, मग निरोप पुसला जात नाही, चालूच राहतो, म्हणून लाळ, घाम, डोळ्याला पाणी, उलटी, छातीत घरघर, स्नायूंची फडफड हे सगळं एकदम. लोक म्हणतात ऊन लागलं. टॉर्च मारून डोळ्याची बाहुली पाहा, टाचणीच्या टोकाएवढी बारीक झाली असेल तर पहिली शंका विषाची घ्यायची आणि डॉक्टरला लगेच सांगायचं. आणि हे विष नुसतं नाकातोंडातून नाही, कातडीतून पण आत जातं, म्हणून भिजलेले कपडे आधी काढायचे, अंग साबणाने धुवायचं, आपल्या हातात ग्लोव्हज.

सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, थोडक्यात सांगते, ते तुला पुढे शिकायचंच आहे. हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागेवर एकच अमिनो आम्ल बदललं, तर तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते, बारीक वाहिनीत अडकते, दुखणं सुरू होतं, आणि 120 दिवस जगणारी पेशी 10-20 दिवसांत मरते. रचना एवढीशी बदलली तर क्रिया किती बदलते पाहा. तू स्वतःची तपासणी केली नसशील तर करून घे, सरकारी दवाखान्यात होते.

प्रेताचं विचारलंस, तर आम्हाला कापावं लागलं नाही, सांगाडा, मॉडेल आणि चार्टवरच शिकवलं, म्हणून त्या भीतीने अ‍ॅडमिशन सोडू नको. सांगाडा मात्र काचेतून पाहू नको, मॅडमला विचारून हाडं हातात घे. हाडाला जिथे खरखरीत उंचवटा आहे तिथे स्नायू बांधलेला असतो, जिथे गुळगुळीत आहे तिथे दुसरं हाड फिरतं, आणि जिथे भोक आहे तिथून काहीतरी जातं. कवटी उलटी करून तळाचं मोठं भोक बोटाने चाचपून पाहा, मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू तिथूनच खाली पाठीच्या कण्यात उतरतो.