हॅलोविनचं मूळ सांगताना

प्रिय बेटा,
प्रभूच्या नावाने सलाम.

तरुण संघात हॅलोविनवर, म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाच्या आदल्या रात्रीवर, बोलायचं म्हणून तू लिहिलेलं टिपण दोनदा वाचलं. मुलं कुठल्या गोष्टींशी खेळतात याची तुला काळजी वाटते, ती मलाही वाटते. पण पहिल्याच परिच्छेदात तू लिहिलं आहेस की 'साउइन' हा केल्टिक लोकांचा (आयर्लंड, ब्रिटनमधल्या प्राचीन लोकांचा) मृत्यूचा देव होता आणि हॅलोविन हा त्याचा सण. हे वाक्य काढून टाक. असा देव होता याचा एकही जुना पुरावा नाही. साउइन हे आयर्लंडमधल्या एका सणाचंच नाव आहे. त्या नावाचा देव केला तो 18व्या शतकात चार्ल्स व्हॅलन्सी या ब्रिटिश लष्करातल्या अभियंत्याने. त्याला आयरिश पुरातन गोष्टींचा नाद होता, पण भाषेचं ज्ञान बेताचं. पुढे त्याची कल्पना या पुस्तकातून त्या पुस्तकात उतरत राहिली, आणि आता ती आपल्या मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर फिरते. 'खोटी साक्ष देऊ नको' ही आज्ञा मूर्तिपूजकांविषयी बोलतानाही लागू आहे.

मग खरं काय? साउइन 1 नोव्हेंबरचा, पण दिवस आदल्या संध्याकाळी सुरू व्हायचा. उन्हाळाभर डोंगरावर चरलेली गुरं खाली आणायची, हिवाळ्यात पोसता येणार नाहीत ती कापायची, राजांनी सभा भरवायच्या, मेजवान्या द्यायच्या. आणि हो, ती रात्र भयाचीही होती. रॉसकॉमन परगण्यातल्या रॅथक्रोअन या जुन्या राजधानीची एक कथा आहे. साउइनच्या रात्री नेरा नावाचा माणूस फासावर लटकलेल्या एका मृताजवळ जातो, तर ते प्रेत बोलू लागतं आणि प्यायला पाणी मागतं. त्याच रात्री टेकड्यांच्या पोटातलं दुसरं जग उघडतं आणि नेरा त्यात शिरतो. तेव्हा त्या रात्री पलीकडचे लोक अलीकडे येतात, ही समजूत आयर्लंडमध्ये जुनी आहे. एवढं तू बिनधास्त सांग.

मात्र या कथा लिहिल्या कोणी, तेही सांग. केल्टिक लोकांच्या ड्रुइड पुजाऱ्यांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही. आपल्या हाती आहे ते ख्रिस्ती मठांतल्या हस्तलिखितांमधलं, म्हणजे आयर्लंडमध्ये सुवार्ता सांगणाऱ्या संत पॅट्रिकच्या 5व्या शतकातल्या सेवाकार्यानंतर कित्येक शतकांनी लिहिलेलं. तू ज्या नरबळींचा उल्लेख केला आहेस, त्यांची कथाही तिथलीच: क्रोम क्रूअख नावाच्या मूर्तीपुढे पहिली अपत्यं बळी दिली जात आणि पॅट्रिकने ती मूर्ती पाडली. ती कथा म्हणून सांग, डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगू नकोस.

आता तुझा मुख्य मुद्दा: पोपने मूर्तिपूजकांचा सण उचलला आणि त्यावर संतांचं नाव चिकटवलं. इथे मला तुझ्याशी जास्त वेळ बोलायचं आहे, कारण हे सगळ्यांनाच पटतं आणि तरी ते डळमळीत आहे. सर्व हुतात्म्यांचं स्मरण आधी वसंत ऋतूतलं. रोममध्ये पँथिअन हे जुनं देऊळ 13 मे रोजी मरिया आणि हुतात्म्यांना अर्पण झालं, 7व्या शतकाच्या सुरुवातीला. 8व्या शतकात पोप तिसरा ग्रेगरी याने संत पेत्राच्या महामंदिरात सर्व संतांसाठी एक प्रार्थनागृह अर्पण केलं, आणि 835च्या सुमारास चौथ्या ग्रेगरीच्या काळात फ्रँक राज्यात (आजच्या फ्रान्स-जर्मनीच्या भागात) सर्व संतांसाठी 1 नोव्हेंबर हा दिवस सर्वत्र रूढ झाला. त्याच सुमाराची, साधारण 800ची, आयरिश मंडळीची संतसूची पाहा. तिच्यात हा सण 20 एप्रिलला आहे! ज्यांच्या घरचा साउइन, तेच त्या दिवशी संतांचा सण पाळत नव्हते. मग साउइन झाकण्यासाठी तारीख निवडली, असं कशाच्या बळावर म्हणायचं?

देवळं पाडू नका, मूर्ती काढून ती शुद्ध करा, असं पोप पहिल्या ग्रेगरीने 601 मध्ये इंग्लंडला निघालेल्या मेलिटस या मिशनऱ्याला कळवलं होतं. पण ते पत्र इंग्लंडमधल्या कामाबद्दल होतं. त्यात साउइनचं नावही नाही.

दारोदार फिरून खाऊ मागण्याचं एक मूळ तर सरळ ख्रिस्तीच आहे. इंग्लंडमध्ये गोरगरीब घरोघर जात, त्यांना छोटे केक मिळत, आणि त्या बदल्यात ते त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत. आपण प्रॉटेस्टंट त्या प्रार्थनेशी सहमत नाही. 31 ऑक्टोबर 1517 ला ल्यूथरने विटेनबर्गमध्ये आपले 95 मुद्दे मांडले ते पापदंडाच्या माफीची पत्रं विकण्याविरुद्ध, आणि ती मृतांच्या नावानेही विकली जात. पण जे आपल्याला चुकीचं वाटतं ते सगळं ड्रुइडांच्या खात्यावर मांडणं हा न्याय नव्हे.

आणि समज, मूळ मूर्तिपूजकांचंच निघालं, तरी त्याने काय ठरतं? फादर स्टीफन्स यांनी 1616 मध्ये गोव्यात ख्रिस्ताची कथा ओवीत सांगितली. ना. वा. टिळकांनी अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या चरणी वाहिलं. ओवी आणि अभंग कुठून आले, हे तुला माहीत आहे. त्यांचे अभंग रविवारी गाऊन, मूळ परकं म्हणून दुसऱ्या गोष्टीला नापाक ठरवायचं, हे मला जमत नाही.

पौलाने 1 करिंथ 10 मध्ये दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. बाजारात मांस विकत मिळतं ते विवेकापायी चौकशी न करता खा. पण प्रभूच्या मेजावर आणि भुतांच्या मेजावर, दोन्हीकडे बसता येणार नाही. तुझं भाषण या दोन वाक्यांवर उभं कर. कोरलेला भोपळा बाजारातला आहे. आयर्लंडचे लोक सलगम कोरायचे, अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा सोपा पडला, इतकंच. पण त्या रात्री गंमत म्हणून प्लँचेट मांडणं, मेलेल्याला हाक मारणं, हे दुसरं मेज आहे. बायबलमधल्या अनुवाद या पुस्तकाच्या 18व्या अध्यायात ते स्पष्ट मना केलं आहे, आणि मेलेल्यांना बोलावणाऱ्या एन्दोरच्या बाईकडे गेलेल्या शौल राजाचं काय झालं ते 1 शमुवेल 28 पासून पुढे वाचून दाखव. तुझ्या टिपणात भोपळ्यावर अर्धं पान आहे आणि प्लँचेटवर एक ओळ. उलट कर. आपल्या वसतिगृहांतली मुलं भोपळे कोरत नाहीत, प्लँचेट मात्र करतात.

सोसायटीच्या हॅलोविनच्या कार्यक्रमाला मुलांना पाठवायचं का, हे तू व्यासपीठावरून ठरवू नकोस. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय वाच आणि तो निर्णय आईवडिलांवर सोड. कुणी पाठवलं नाही तर त्याला भित्रा म्हणू द्यायचं नाही, पाठवलं तर बाटलेला म्हणू द्यायचं नाही. मात्र कुणी विचारलंच, तर रक्तबंबाळ मुखवटे आणि प्रेतांची थट्टा मला आवडत नाही हे माझ्या नावाने सांग. ज्या घरात नुकतंच कुणी गेलं आहे, तिथल्या मुलाला ते कसं वाटेल याचा विचार कर.

नवीन टिपण झालं की पाठव. इब्री 11 मधल्या विश्वासवीरांवर बोलायला शेवटची दहा मिनिटं राखून ठेव, कारण दुसऱ्या दिवशी, सर्व संतांच्या सणाला, ज्यांची आठवण करायची, त्यांची नावं मुलांना माहीत नसतात.

प्रभूमध्ये तुझा,
काका