अरबी द्वीपकल्पात तेल सापडण्याआधी फक्त वाळवंटच होतं ना? मग आज तिथले देश शस्त्रांवर इतका खर्च का करतात?

आधी खर्चाचं उरकतो, कारण मला खरं बोलायचंय ते त्या 'फक्त वाळवंट'बद्दल.

स्टॉकहोमची सिप्री ही संस्था दरवर्षी जगाच्या लष्करी खर्चाचा हिशेब मांडते. २०२४ साली तो २,७१८ अब्ज डॉलर झाला. महागाई वजा करूनही आदल्या वर्षापेक्षा ९.४ टक्के जास्त. अमेरिका ९९७ अब्ज, चीन अंदाजे ३१४, मग रशिया, जर्मनी आणि पाचवे आपण, ८६.१ अब्ज. सौदी अरेबिया सातवा, ८०.३ अब्ज. साडेतीन कोटींच्या आसपास वस्तीचा देश, आणि खर्च जवळपास आपल्याएवढा! सगळं जग मिळून उत्पन्नाच्या अडीच टक्के सैन्यावर घालवतं, सौदी सात टक्क्यांच्या वर. कारणं उघड आहेत. हातात तेलाचा पैसा आहे, समोर इराण आहे, आणि अमेरिकेला धरून राहायचं आहे. फेब्रुवारी १९४५ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट आणि सौदीचे राजे अब्दुल अझीझ सुएझच्या वाटेवर एका युद्धनौकेवर भेटले, तेव्हापासूनचा हा व्यवहार आहे. तेल सौदीने द्यायचं, शस्त्रं अमेरिकेकडून घ्यायची, आणि वेळ आली की अमेरिकेने धावून यायचं.

आता वाळवंट.

नव्वदच्या दशकात मी बहारीनमध्ये सर्व्हेअर होतो. रस्ते आणि प्लॉटची आखणी हे काम. बहारीन म्हणजे दक्षिण इराकमधल्या प्राचीन सुमेरी लोकांच्या लेखांतलं दिलमुन. बेटाच्या पश्चिम भागात जमिनीवर गोल टेकाडं दिसतात, एकाला एक लागून. नवीन माणसाला वाटतं, कोणीतरी मुरमाचे ढीग टाकून ठेवलेत. ती थडगी आहेत, चार हजार वर्षांपूर्वीची. युनेस्कोने २०१९ साली यादीत घेतलेल्या भागांतच ११,७७४ आहेत, आणि ही उरलेली. कितीतरी आमच्यासारख्यांनी सपाट केली.

आमच्या कंपनीकडे एका नव्या वसाहतीचे रस्ते होते आणि आखणीच्या रेषेत टेकाडांचा एक पट्टा येत होता. ठरलं होतं असं, की पुरातत्त्ववाले आधी टेकाड उघडणार, मोजमाप आणि नोंद करणार, मग आमचा शॉव्हेल लागणार. एके दिवशी त्यांचं जमिनीची उंची मोजायचं लेव्हल मशीन बिघडलं म्हणून त्यांनी मला हाक मारली. मी ट्रायपॉड उचलून गेलो.

माती काढल्यावर बाहेरून दगडांचं गोल कडं दिसत होतं. मधोमध चुनखडकाच्या ओबडधोबड दगडांची लांबट कोठी, वर मोठ्या शिळा. चौघांनी पहार लावून एक शिळा सरकवली. आत एक माणूस उजव्या कुशीवर, गुडघे पोटाशी, दोन्ही हात तोंडापुढे. कोठीच्या एका टोकाला बाजूला कोनाडा काढलेला, त्यात लाल मातीचं मडकं, अंगावर आडव्या कडा असलेलं, जवळजवळ शाबूत. पायाशी शेळीमेंढीची हाडं, म्हणजे शिदोरी दिलेली. आमचा चिपळूणकडचा फोरमन बूट काढून बाजूला उभा राहिला. मी स्टाफ, म्हणजे मोजणीची उभी पट्टी, धरायला खाली उतरलो तेव्हा मोठ्या कड्याला बाहेरून चिकटलेली छोटी छोटी अर्धगोल कडी दिसली. ही काय, म्हणून विचारलं. लहान मुलांची, असं उत्तर आलं. माझी मुलगी तेव्हा रत्नागिरीला, दीड वर्षाची. मी रीडिंग घेतली, पण आकडा वहीत उतरेना.

संध्याकाळी आमचे प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "हाडं बघायला पगार देत नाही, लेव्हल द्या." दिल्या. काही दिवसांत तो पट्टा सपाट झाला आणि त्यावर खडी पडली. ते बोलणं मला अजून टोचतं. म्हणून कोणी 'फक्त वाळवंट' म्हणालं की मी गप्प बसत नाही.

त्यानंतर शुक्रवारच्या सुट्टीत मी मनामाच्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊ लागलो. असंच एक टेकाड तिथे आणून मांडलंय, कापून आतलं दिसेल असं. पण माझं मन गुंतलं ते मोहरांत, म्हणजे ठसा उमटवायच्या शिक्क्यांत. रुपयाएवढ्या गोल दगडी मोहरा, पाठ फुगीर, तिच्यावर रेघा आणि टिंबाभोवती वर्तुळं, पोटावर हरणं, बैल, माणसं. अशीच एक मोहर गुजरातेत लोथलला सापडली आहे. बहारीनच्या पोर्तुगीज किल्ल्याखाली पन्नासच्या दशकात डॅनिश लोकांनी खणलं तेव्हा दगडी वजनं मिळाली, ती सिंधू संस्कृतीच्या मापाची निघाली. म्हणजे मोहेंजोदडोचा व्यापारी इथे उतरला तर त्याला माप बदलावं लागत नव्हतं. प्राचीन इराकमधल्या अक्कडचा राजा सार्गोन अभिमानाने लिहून ठेवतो की मेलुहा, मगान आणि दिलमुनची जहाजं माझ्या धक्क्याला लागतात. मगान म्हणजे ओमान, तिथलं तांबं. मेलुहा म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आपली सिंधूकडची बाजू. तिथल्याच उर शहरातला एआ-नासिर हा व्यापारी दिलमुनमार्गे तांबं आणायचा. त्याने हलका माल दिला म्हणून नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला खरमरीत पत्र लिहिलं, इ.स.पू. १७५० च्या सुमारास. ती मातीची पाटी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ज्या जागेला आपण वाळवंट म्हणतो तिथून मालाच्या दर्जावरून भांडण होण्याइतका पक्का धंदा चालत होता.

आणि तो पोर्तुगीज किल्ला! कोर्लई, रेवदंडा पाहिलेल्या माणसाला तिथला बुरूज परका वाटत नाही. बांधणारे तेच.

आता मुद्द्यावर येतो. मे महिन्यात सुट्टीवर आलो असताना घरच्या वास्तुशांतीला मी हे सगळं सांगत होतो. आमचे भावोजी फौजेतून निवृत्त झालेले. त्यांच्याविषयी मला आदर आहे आणि राहील. सगळं ऐकून ते म्हणाले, "नुसता व्यापार केला, म्हणून मातीत गेले. पदरी फौज असती तर टिकले असते." पंगतीत सगळ्यांनी माना डोलावल्या. आमच्या घरात हा वाद तेव्हापासून चालू आहे. आताशा भावोजी लष्करी खर्चाचे तक्ते कुटुंबाच्या ग्रुपवर टाकतात आणि खाली माझं नाव लिहितात. तुमच्या प्रश्नाच्या निमित्ताने त्यांना सविस्तर उत्तर देतो.

भावोजी, दिलमुन लढाई हरून संपलं नाही. सिंधूकडची शहरं उतरणीला लागली, दक्षिण इराकची बंदरं ओस पडली, गिऱ्हाईकच उरलं नाही. फौज ठेवून गिऱ्हाईक परत येत नाही.

फौजेचंच बघायचं तर येमेनचं बघा. आजच्या येमेनमध्ये मारिब ही सबा राज्याची राजधानी होती. धूप आणि गंधरसाच्या व्यापारावर ते श्रीमंत झाले. रोमचा सम्राट ऑगस्टस याने इ.स.पू. २६-२५ च्या सुमारास एलियस गॅलस या सेनापतीला तिकडे पाठवलं, दहा हजारांच्या आसपास सैन्य देऊन. त्या काळी रोमपेक्षा जास्त खर्च सैन्यावर कोण करत होतं? सैन्य मारिबच्या परिसरापर्यंत पोचलं, सहा दिवस वेढा दिला आणि पाणी नाही म्हणून परत फिरलं. स्ट्रॅबो हा ग्रीक भूगोलकार गॅलसचा मित्र. तो लिहितो की लढाईत सात माणसं गेली. बाकीचे रोगाने, भुकेने आणि थकव्याने मेले.

सबाच्या लोकांकडे काय होतं? धरण होतं. डोंगरातून येणारा पुराचा लोंढा अडवणारा सुमारे सहाशे मीटर लांबीचा मातीचा बांध, दगडाने मढवलेला, आणि दोन्ही टोकांना घडीव दगडांची पाणी सोडायची बांधकामं. त्यावर साडेनऊ हजार हेक्टरच्या आसपास जमीन भिजायची. मी आयुष्य लेव्हल मोजण्यात घालवलं आहे. पाऊस जेमतेम वर्षातून दोनदा पडणाऱ्या मुलखात पुराचं पाणी कालव्यांतून वळवून शेतात नेणं म्हणजे काय काम आहे ते मला कळतं. हा बांध हजार वर्षांहून जास्त काळ चालला. फुटायचा, पुन्हा बांधायचे. इ.स. ५४८ मध्ये अब्रहा राजाने केलेल्या दुरुस्तीचा शिलालेख आहे. त्यात कामावरच्या लोकांना पीठ किती लागलं, खजूर किती, जनावरं किती कापली, असा तपशील आहे. साइटवरचं मस्टर वाचावं तसं वाटतं. सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांध कायमचा फुटला आणि वस्ती पांगली. त्या पुराचा उल्लेख कुराणात सबाच्याच नावाच्या सूऱ्यात, म्हणजे अध्यायात आहे.

१९८६ मध्ये तिथे जवळच नवं धरण झालं. त्याला पैसा दिला अमिरातीचे शेख झायेद यांनी. आपले पूर्वज मारिबकडून आले असं त्यांचं घराणं मानतं. मार्च २०१५ मध्ये सौदीच्या नेतृत्वाखाली येमेनवर हवाई हल्ले सुरू झाले, अमिरातही त्या आघाडीत होती. मे महिन्यात येमेनमधल्या धमार शहराचं संग्रहालय उद्ध्वस्त झालं, आत साडेबारा हजार वस्तू होत्या. महिनाअखेर मारिबच्या जुन्या धरणावर बॉम्ब पडले आणि उत्तरेकडच्या दगडी बांधकामाला मार लागला. रोमच्या सैन्याला जे जमलं नाही ते नातेवाइकांच्या विमानांनी केलं. ही बातमी मी ग्रुपवर टाकली होती. भावोजींनी लिहिलं, "युद्धात असं होतंच." मला हे उत्तर मान्य नाही. आमच्या मॅनेजरचं बोलणं मला त्यात ऐकू येतं.

आणि एवढं करून संरक्षण तरी झालं का? सप्टेंबर २०१९ मध्ये सौदीच्या अबकैक तेल प्रकल्पावर ड्रोन आणि क्षेपणास्त्रं येऊन आदळली. देशाचं निम्मं तेल उत्पादन काही काळ बंद पडलं, अब्जावधींच्या हवाई संरक्षणाच्या देखत. कतार तर जगातल्या सर्वांत मोठ्या शस्त्र खरेदीदारांत आहे. अमेरिकेचा भला मोठा हवाई तळ तिथे आहे. तरी ९ सप्टेंबर २०२५ रोजी इस्राएलने दोह्यात हल्ला केला.

भावोजी आता कुवेतचं उदाहरण देणार, तर तेही घेतो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत दोन दिवसांत गिळला, आणि सुटका झाली ती सैन्यामुळेच. हे खरं आहे. सैन्य नकोच असं माझं म्हणणं नाही. सबाचे लोकही संत नव्हते. करिबिल वतर या त्यांच्या राजाने सिरवाहच्या देवळात कोरून ठेवलेला लेख म्हणजे कुठे किती हजार मारले आणि किती कैद केले याची यादी आहे. शिवाय वरचे सिप्रीचे आकडे म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. चीन आणि सौदीचे अंदाजच आहेत, अमिरातीचा आकडा तर ही संस्था २०१४ नंतर देतच नाही. पण खर्चाच्या तक्त्यावरून कोण टिकणार हे ठरवायचं असेल, तर त्या द्वीपकल्पाचा इतिहास तुमच्या बाजूने साक्ष देत नाही. तिथे लोक टिकले ते पाणी आणि गिऱ्हाईक सांभाळलं तोपर्यंत.

प्रश्न विचारणाऱ्यांना एक सुचवतो. आखातात नोकरीला किंवा मुलांकडे जाणारी आपली कितीतरी माणसं मॉल बघून परततात. बहारीनला असाल तर संग्रहालयाला अर्धा दिवस द्या, मग आली या गावाला जा. तिथे थडग्यांच्या टेकाडांना लागूनच कुंभारांच्या भट्ट्या आहेत. सौदीने २०१९ पासून पर्यटक व्हिसा सुरू केलाय, त्यावर अलउलाजवळ हेग्रा बघता येतं. नबाती या प्राचीन अरब लोकांनी अख्ख्या खडकात कोरलेल्या शंभरावर कबरी आहेत, काहींवर मालकाचं नाव आणि परक्याने इथे पुरलं तर किती दंड, हेही कोरलंय. ओमानमध्ये सलालाहजवळ सुमहुरम हे धुपाचं बंदर आहे, तिथे भारतातून गेलेली मडकी सापडली आहेत. मारिबला मात्र सध्या जाता येणार नाही. युनेस्कोने २०२३ साली त्याला जागतिक वारसा म्हणून घेतलं, ते त्याच दिवशी धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकूनच.