पक्ष्यांना पंख आहेत, मग हवामान बदललं तर ते विणीची जागा बदलतीलच ना?

तुम्ही विचारलंय की ऊन वाढलं तर पक्षी थंड जागी जाऊन घरटी करतील, त्यात काळजी कसली? इंदूरला सिरपूर तलावावर बरीच वर्षं पक्षी बघतेय. सुरुवातीला मलाही असंच वाटायचं.

जागा सरकतात हे खरंच. आपल्या नाल्याकाठी दिसणारा लहान बगळा 1996 पासून इंग्लंडात वीण करतो, गायबगळा 2008 पासून. (पिसांसाठीची शिकार थांबली, हेही त्यामागे आहे, सगळं उष्म्याच्या खात्यावर टाकू नये.) युरोपातल्या पक्ष्यांची विणीची क्षेत्रं तीसेक वर्षांत सरासरी 28 किमी उत्तरेला गेली.

पण वेग बघा. फ्रान्समध्ये 1989 ते 2006 या काळात तापमान 273 किमी उत्तरेला सरकल्यासारखं झालं, पक्षी जेमतेम 91. आपल्या इंदूर-भोपाळ बसचा हिशोब लावा: हवामान भोपाळ ओलांडून कुठच्या कुठे गेलं आणि पक्षी अजून वाटेतल्या आष्ट्यालाही पोचले नाहीत.

कारण नुसती फांदी मिळून भागत नाही, पिल्लांच्या चोचीत अळी पडायला हवी. नेदरलँड्समध्ये वीण करणारा माशीमार नावाचा एक चिमुकला पक्षी हिवाळा पश्चिम आफ्रिकेत काढतो. परतीची वेळ तो दिवसाच्या लांबीवरून ठरवतो. उत्तरेत वसंत लवकर आलाय, हे त्याला तिथे बसून कळणार कसं? तो येतो तोवर ओकच्या झाडांवरच्या अळ्यांचा बहर ओसरलेला असतो. जिथे बहर सगळ्यात लवकर येऊ लागला, तिथे हे पक्षी दोन दशकांत सुमारे 90 टक्के घटले. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या रात्री मला झोप लागली नाही.

डोंगरातल्यांचं तर आणखी अवघड, ते वरवर सरकतात. पेरूमधल्या एका डोंगरावर 1985 मध्ये माथ्याजवळ दिसलेले काही पक्षी 2017 मध्ये सापडलेच नाहीत. माथ्याच्या वर जाणार कुठे?

आपल्याकडे वीण पावसाशी बांधलेली. चातक पावसाच्या तोंडावर येतो आणि सातभाईच्या घरट्यात अंडी घालतो. म्हणजे पाऊस, सातभाई आणि चातक, तिघांचं जुळायला हवं. म्हणून दरवर्षी पहिला चातक दिसला की मी तारीख लिहून ठेवते, पहिला मोठा पाऊस आणि सातभाईचं घरटं यांचीही. तुम्ही जिथे असाल तिथे हे सुरू करा आणि नोंदी ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका. वही मात्र जपून ठेवा, दोन-चार वर्षांत काही दिसत नाही.