वाचकांचे प्रश्न : लुटारू व्हायकिंग इंग्लंडचे रहिवासी कसे झाले?

प्रश्न : लुटीसाठी आलेले व्हायकिंग (डेन्मार्क-नॉर्वेकडील दर्यावर्दी) इंग्लंडमधील तत्कालीन अँग्लो-सॅक्सन समाजात एकरूप कसे झाले? (एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : त्याची सुरुवात जमिनीपासून झाली. इ.स. ८७६ मध्ये हाफडान या व्हायकिंग सरदाराने उत्तर इंग्लंडमधील नॉर्थम्ब्रिया राज्यातील जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ते शेती करू लागले. दोन वर्षांनी गुथ्रुम या पराभूत व्हायकिंग नेत्याने बाप्तिस्मा घेतला, तेव्हा विजेता अँग्लो-सॅक्सन राजा आल्फ्रेडच त्याचा धर्मपिता झाला. आम्हांस सर्वांत हृद्य वाटते ते पूर्व इंग्लंडमधील ईस्ट अँग्लिया राज्याचे उदाहरण : ज्या एडमंड राजाला डेन लोकांनी (डेन्मार्ककडील व्हायकिंगांनी) ८६९ मध्ये ठार मारले, त्यालाच संत म्हणून गौरवणारी नाणी सुमारे पाव शतकानंतर त्यांच्याच अमलाखाली पाडली गेली. व्हायकिंगांची नॉर्स आणि अँग्लो-सॅक्सनांची जुनी इंग्रजी या भाषाही सख्ख्या असल्याने ‘लॉ’, ‘एग’ यांसारखे शब्द, इतकेच नव्हे तर ‘दे’ (they, म्हणजे ‘ते’) हे सर्वनामही इंग्रजीत रुळले. मुघलांनी नाशिकला दिलेले ‘गुलशनाबाद’ हे नाव टिकले नाही. इंग्लंडमधील डर्बी, व्हिटबी या गावांची नॉर्स नावे मात्र आजही प्रचारात आहेत.